शाळेचा दाखला आणि फाशीचा दोर

नळस्टॉप

रविवारी सकाळी कट्ट्यावर कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताचा विषय पुन्हा निघाला. एकानं जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरचा ठेवणीतला विनोद केला, सगळे हसले. मग आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "असल्यांना सरळ फासावर द्यायला हवं." मी म्हटलं, काका, असल्यांना देत नाहीत, दुसऱ्यांना देतात. यावर जो वाद पेटला तो चहा गार होईपर्यंत चालला आणि अर्धवटच राहिला. म्हणून हा धागा.

मला जे सांगायचं होतं ते पुण्यातलंच आहे. ऑगस्ट १९९४. पौड फाट्याच्या भागात एकाच घरात सात जणांचा खून झाला. पाच बायका, दोन मुलं. त्यातली एक बाई गरोदर होती. जुन्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आरोपी तिघे, राजस्थानातून पोटापाण्यासाठी आलेले. एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दोघांपैकी एकाची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणली. राहिला दुसरा.

या दुसऱ्याचं खटल्यातलं नाव एक आणि गावच्या शाळेतलं नाव दुसरं. खटल्याच्या कागदांत तो प्रौढ. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. आता वजाबाकी करा. सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली आणि २७ मार्च २०२३ ला निकाल दिला: गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. म्हणजे सातवीतलं पोर. अठ्ठावीस वर्षं आत काढून तो सुटला, त्यातली बरीचशी फाशीची सजा डोक्यावर घेऊन.

आता कल्याणीनगर, १९ मे २०२४ ची पहाट. दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला, जामीन मिळाला. पुढे ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक, ते सगळं आपण वाचलंय. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली. मला ते चुकलं असं वाटत नाही (घाला शिव्या). अल्पवयीनाला अल्पवयीन म्हणूनच वागवावं. पण त्याचं वय काय हे कळायला कुणाला अठ्ठावीस वर्षं लागली नाहीत. दिवस मावळायच्या आत कळलं होतं.

एकच शहर, आणि दोन्ही मुलांसाठी तत्त्वही एकच. फरक एवढाच की एकाच्या घरी जन्माचा दाखला फायलीत, प्लॅस्टिकच्या कव्हरात असतो. दुसऱ्याचा हजार किलोमीटरवरच्या शाळेच्या कपाटात पडलेला असतो आणि तो आणायला जाणारं कुणी नसतं. गरीब फासापर्यंत जातो तो बहुतेक वेळा असा, कागदाअभावी. न्यायाधीश दुष्ट असावा लागत नाही.

---

पेठकर

धागा चांगला आहे, पण एक घोळ निस्तरा. तो मुलगा 'मी केलं नाही' म्हणून सुटलेला नाही, वयावर सुटलाय. चुकीच्या माणसाला दोषी ठरवणं वेगळं आणि दोषी माणसाला चुकीची शिक्षा देणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच पातेल्यात शिजवलंय.

दुसरं म्हणजे फाशी फक्त गरिबाला होते हे पुण्यात बसून तरी म्हणू नका. मी ७६ साली दहावीला होतो. जोशी, अभ्यंकर हत्याकांडाचं नाव काढलं की आजही आमच्या आईच्या अंगावर काटा येतो. दिवेलागणीला दारं बंद, शिकवण्या बंद, दुसऱ्या खेळाचं थिएटर रिकामं. मारणारे ते चौघे कोण होते? जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा. टिळक रस्त्यावर अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी पोरं. झोपडपट्टीतली नव्हेत. नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली, आणि एकाही पुणेकरानं त्या दिवशी जेवण सोडलं नाही.

---

नळस्टॉप

पेठकर, पहिला मुद्दा मान्य. घोळ माझाच.

मग निखळ निर्दोषांचं घ्या. महाराष्ट्रातलंच, २००३ चं खून-बलात्काराचं प्रकरण. सहा जण, सगळे भटक्या जमातीतले. २००६ ला सत्र न्यायालयात सहाही जणांना फाशी. उच्च न्यायालयानं तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण ऐका. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. त्या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही २०१२ मध्ये कळलं. सोळा वर्षांची भरपाई माणशी पाच लाख. महिन्याचा हिशेब काढा, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंनासुद्धा त्याहून जास्त देतो आपण.

जक्कलचं म्हणाल तर चार नावं ४० वर्षांनंतरही तोंडपाठ आहेत, यातच सगळं आलं. कॉलेजातली पोरं फासावर गेली हे नवल होतं म्हणून लक्षात राहिलं. या सहांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का इथं कुणाला?

---

मृण्मयी_को

मी त्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. १९९४ ला एफवायला होते. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, आई मखराचं सामान काढत होती आणि समोरच्या काकू रडत वर आल्या. त्यानंतर महिनाभरात आमच्या इमारतीत सगळ्यांनी जाळीचे सेफ्टी डोअर बसवून घेतले. आमचं अजून तेच आहे, गंजलंय.

तुम्ही सगळे आरोपीच्या दाखल्याबद्दल बोलताय. बोला. पण त्या घरातल्या लहान मुलांचेही दाखले कुठल्या तरी शाळेत असतील.

फाशीच्या बाजूनं हे लिहीत नाहीये. निकालाची बातमी आली तेव्हा बारा वर्षं वाचून मी दोन दिवस नीट झोपले नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा बाराचा होता, सायकल शिकत होता. मला दोन्हीकडचा राग येतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

एक आठवलं म्हणून सांगते. त्या प्रकरणानंतर सोसायटीत ठराव झाला की दुकानातून सामान घेऊन येणाऱ्या पोरांनी वर यायचं नाही, खालूनच पुकारायचं. नोकरांची नावं पोलीस चौकीत द्यायची. ते खुनी 'कामाला आलेले' होते ना, मग सगळेच कामाला आलेले संशयित झाले. ती पाटी जिन्यात पुढे दहा वर्षं तरी होती.

---

कोट_काळा

वकील आहे, फौजदारी बाजू, शिवाजीनगर. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं खटला चुकला तर वर अपील आहे, उच्च न्यायालयाच्या पुष्टीशिवाय फाशी होतच नाही, मग राष्ट्रपती आहेत, इतक्या चाळण्या आहेत. चाळण्या आहेत, पण त्यांत पडतं तेच पीठ. खालच्या कोर्टात जे रेकॉर्डवर आलं तेच वरचे बघतात. खाली उलटतपासणीत जो प्रश्न विचारला नाही, तो दिल्लीत कितीही मोठा वकील केला तरी साक्षीदाराला परत विचारता येत नाही. म्हणून सगळं भवितव्य सत्र न्यायालयातल्या वकिलावर. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला तिथेच विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरचा वकील मिळतो. माझे काही मित्र पॅनलवर आहेत, जीव तोडून काम करतात. पण तुटपुंज्या मानधनात तुरुंगात भेटायला किती वेळा जाणार, गावी जाऊन साक्षीदार कुठून शोधणार? येरवड्याला एक मुलाखत म्हणजे अर्धा दिवस गेला.

मध्य प्रदेशातलं एक प्रकरण वाचा, खंडव्याचं, २०१३ मधलं. बालिकेवरचा अत्याचार आणि खून, लोक खवळलेले. खटला तेरा दिवसांत उरकून फाशी. आरोपीला वकील मिळाला तो आरोप निश्चित झाले त्याच दिवशी. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं रद्द करून फेरसुनावणीला पाठवलं आणि सांगितलं की फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच माणूस द्या, त्याला तयारीला वेळ द्या. फेरसुनावणीत, २०२४ मध्ये, तो निर्दोष सुटला. 'फास्ट ट्रॅक'वर टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते तेरा दिवस आणि ही अकरा वर्षं शेजारी-शेजारी लिहून बघावीत.

आकडे हवे असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ ला फाशीच्या कैद्यांना प्रत्यक्ष भेटून अहवाल केला. ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुबळे, ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य. त्यातच हेही आहे की खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या पाच टक्क्यांच्याही आत, आणि जवळपास तीस टक्के माणसं निर्दोष सुटली. शंभरातली तीस. एखाद्या दवाखान्यात शंभर शस्त्रक्रियांतल्या तीस भलत्याच माणसावर झाल्या तर आपण काय करू?

---

पेठकर

तीस सुटले म्हणजे चाळणी चालतेय असंही म्हणता येईल. आणि कसाबला वकील मिळालाच की. सर्वोच्च न्यायालयानं राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील नेमला. वर्ग आड आला नाही तिथे.

---

कोट_काळा

कसाबवर जगाची नजर होती. तुमच्या-माझ्या गावच्या वडाराच्या पोरावर जगाची नजर नसते, काका. तिथे आरोपीला उठवून विचारतात, वकील आहे का, तो मान हलवतो, आणि व्हरांड्यात जो काळा कोट दिसेल त्याला आत बोलावतात.

चाळणी चालते म्हणता ना, मग ही एक घ्या. १९९६ मध्ये राजस्थानात रावजी नावाच्या माणसाला फाशी झाली, त्याच्या निकालाच्या आधारे पुढे आणखी कित्येकांना फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की रावजीचा निकाल बचनसिंग खटल्यात त्याच न्यायालयानं घालून दिलेला नियम डावलून दिला होता. १९८० चा नियम असा की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा, त्याची परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. रावजीच्या वेळी ते बघितलंच नव्हतं. चूक कबूल केली, पण कुणापाशी? तेरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसापाशी. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून उरलेल्यांची फाशी रद्द करा असं विनवलं.

बचनसिंगमध्ये पाचातले चार एका बाजूला होते. एकटे न्या. भगवती विरोधात. त्यांनी १९८२ मध्ये सविस्तर लिहिलं की ही शिक्षा प्रत्यक्षात गरिबावर आणि नाडलेल्यावरच येऊन पडते. तेव्हा ते अल्पमत होतं. अजूनही आहे.

---

टेकडीवरचा_वारा

निठारीचं, नोएडातल्या त्या मुलांच्या हत्यांचं, कसं कुणी काढलं नाही? नोकर आणि मालक एकाच घरात. मालकालाही फाशी, नोकराला तेरा प्रकरणांत. नोकराचा कबुलीजबाब साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यावर घेतलेला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मेरठला त्याच्या फाशीची तयारी झाली होती, रात्रीतून स्थगिती आली म्हणून वाचला. २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांनाही सोडलं. नोकराचं एक उरलेलं प्रकरण नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आणि तो बाहेर आला. ती मुलं कुणी मारली ते आजही कुणालाच ठाऊक नाही. मारली गेलेलीही गरिबांचीच मुलं. पोलिसांकडे हरवल्याच्या तक्रारी घेऊन गेलेले आईबाप सुरुवातीला हाकलले गेले होते.

मृण्मयीताईंच्या प्रश्नाला हे थोडं उत्तर आहे असं मला वाटतं. भलत्याला पकडलं की मेलेल्यांनाही न्याय मिळत नाही.

---

सह्याद्रीपुत्र

सगळे मानवाधिकारवाले गोळा झाले वाटतं. ७/११ च्या, म्हणजे २००६ च्या मुंबई लोकलमधल्या स्फोटांत १८९ माणसं गेली. उच्च न्यायालयानं बाराच्या बारा सोडले. त्यांनाही आता चहा पाजा.

---

नळस्टॉप

सह्याद्रीपुत्र, चहाला तुम्हीही या. त्या बारापैकी पाच जणांना फाशी होती, आणि बारातला एक २०२१ मध्ये कोविडनं नागपूरच्या तुरुंगातच गेला. निर्दोष सुटल्याचं त्याला कळलंच नाही. राज्य सरकार अपिलात गेलंय, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की तो निकाल दुसरीकडे दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत घाला असं म्हटलेलं नाही. अपिलाचं व्हायचं ते होईल. पण हे बारा नसतील तर ज्यांनी बॉम्ब ठेवले ते एकोणीस वर्षं मोकळे आहेत, याचा राग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त यायला हवा.

---

निवृत्त_शिरस्तेदार

मी फारसा लिहीत नाही, वाचत असतो. पस्तीस वर्षं कोर्टाच्या दफ्तरात काढली. कुठल्या ते सोडा.

नळस्टॉप यांनी कागदाचं लिहिलं ते वाचून एक आठवलं. फाशीचं नाही, जन्मठेपेचं प्रकरण. आरोपी ऊसतोडीवाला. त्याचा बाप एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचा, सकाळी कोर्टाच्या नळावर तोंड धुवायचा आणि दाराशी बसायचा. एके दिवशी माझ्या टेबलाशी आला. धोतराच्या सोग्यात मुकादमाची हजेरीची वही. म्हणाला, साहेब, त्या दिवशी पोरगं टोळीवर होतं, ह्यात हाय बघा. खरंच होतं. नावापुढे फुली, उचल किती, सगळं.

मी त्याला सांगितलं, बाबा, हे माझ्याकडे देऊन उपयोग नाही, वकिलाकडे द्या. तो वकिलाकडे गेला. वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात. पुढच्या तारखेला बाप नव्हता, कारखाना सुरू झाला होता. त्याच्या पुढच्या तारखेला पुरावा बंद झाला होता. वहीवर निशाणी क्रमांक पडला नाही. निशाणी नाही म्हणजे कोर्टाच्या लेखी ती वही जन्मालाच आली नाही.

पोरगा खरा होता की खोटा, मला माहीत नाही. वही नंतरही तयार करता येते, सरकारी वकिलानं तेच म्हटलं असतं आणि ते त्याचं कामच आहे. पण म्हणायची वेळच आली नाही. मी खुर्चीतून उठून त्याला वकिलाच्या बारपर्यंत नेलं असतं तर पाच मिनिटं गेली असती. जेवायची सुट्टी संपत आली होती.

---

मृण्मयी_को

काका __/\__

---

पेठकर

शिरस्तेदारसाहेब, तुम्ही लिहीत जा.

मी अजूनही फाशी असावी याच मताचा आहे. पण बापानं आणलेली वही ज्या कोर्टात दाखल होत नाही, त्या कोर्टाच्या हातात दोर द्यावा का, याला माझ्याकडे आज तरी उत्तर नाही. उद्या सुचलं तर भांडायला येईन.

अवांतर: येरवड्यातली शेवटची फाशी २०१२ ना? कसाबची? त्या दिवशी सकाळी आम्हाला टीव्हीवरून कळलं. सात किलोमीटरवर झालं आणि कानोसाही नाही.

---

नळस्टॉप

हो, २१ नोव्हेंबर २०१२. महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच ठिकाणी, येरवडा आणि नागपूर. पौड फाट्याच्या खटल्यातला तो मुलगाही नागपूरलाच होता शेवटी.

---

बाई_चौथी_ब

शाळेत शिकवते, हडपसरच्या पलीकडे. धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे दाखला हाती आला म्हणजे प्रश्न मिटला असं धरून चाललाय. दाखल्यावर जन्मतारीख कोण लिहितं? आम्ही लिहितो. बांधकामावरची, वस्तीवरची मुलं येतात, आईबापाला तारीख सांगता येत नाही. मग गुरुजी १ जून टाकतात. शाळा जूनमध्ये, सहा वर्षं पूर्ण हवीत, हिशेब जुळतो. तुमच्या ऑफिसात वयाची यादी काढा, १ जूनवाले किती निघतात बघा. मी स्वतः कमीत कमी चाळीस मुलांचा वाढदिवस १ जूनला केलाय.

मागच्या महिन्यात एक बाई आली. मुलगा येरवड्यात कच्चा कैदी, मारामारीत एक जण गेला, त्यात नाव. वकिलानं शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगितलेलं. जनरल रजिस्टर काढलं. तारीख १ जून, अक्षर माझंच. मी विचारलं, खरा कधीचा हो? म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, बैलाच्या शिंगांचा रंग अजून ओला होता.

मारामारी जुलैतली. १ जून धरली तर अठरा पूर्ण होऊन महिना झालेला. पोळा धरला तर अजून सतरा.

रजिस्टरमध्ये आहे तेच द्यावं लागतं. दिला.

---

कोट_काळा

बाई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. कायद्यात शाळेचाच कागद आधी धरतात, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा त्यानंतर, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. तरी प्रयत्न करू. अंगणवाडीत लस टोचल्याची नोंद, बाळंतपण झालं तिथल्या दवाखान्याचं काही, जुनं रेशनकार्ड?

---

बाई_चौथी_ब

व्यनि बघितला. बाळंतपण पालावर झालं. रेशनकार्ड नाही. अंगणवाडीचं शनिवारी वस्तीवर जाऊन विचारते, पोरगं लहान असताना ते कुठल्या गावाला होते तेच आधी शोधावं लागेल.